याकूत कुठून गातो

१

शरीफचाचांनी पिंजऱ्यावरचं कापड उतरवलं, आणि आत याकूत नव्हता.

क्षणभर कुणाला काही उमगलंच नाही. बागेच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर, पारंब्या सोडून बसलेल्या त्या थोराड झाडाखाली, रोजची मंडळी कॉफीचे पेले हातात धरून वाट बघत होती. खाली अल्जिअर्स शहर उन्हाची पहिली तिरीप अंगावर घेत होतं. बंदरातल्या जहाजांचे दिवे अजून विझायचे होते. सगळं रोजच्यासारखं. फक्त पिंजऱ्याचं इवलंसं दार उघडं आणि दांडी रिकामी.

"आत्ता गात होता की!" पक्ष्यांचा व्यापारी बूआलेम म्हणाला. "जिना चढताना या कानांनी ऐकलाय मी."

ऐकला सगळ्यांनीच होता. मंडळींच्या मागून बाळाला कडेवर घेऊन जिना चढणाऱ्या विदादनंसुद्धा.

मकनीन हा पक्षी चिमणीहून लहान, तोंडाला कुंकू फासल्यासारखा लाल. पण गळा असा, की त्याच्यापायी या शहरातली शहाणीसुरती माणसं वेडी होतात. त्या सगळ्या मकनीनांचा राजा म्हणजे शरीफचाचांचा याकूत. चाचा रोज पहाटे झाकलेला पिंजरा घेऊन वर यायचे, झाडाला टांगायचे आणि खालच्या टपरीवर कॉफीला जायचे. झाकल्या पिंजऱ्यात डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं. कुणी डोकावत नसे. ऐकायचं, बघायचं नाही. ऊन झाडावर आलं की चाचा कापड काढायचे, आणि धन्याचं तोंड दिसलं की याकूत गाण्याच्या शेवटी तीन सूर सोडायचा. पाण्यात थेंब पडावेत तसे हलके, समोर बसल्याशिवाय ऐकू न येणारे. त्या तीन थेंबांसाठी माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायची.

चाचांनी रिकाम्या पिंजऱ्यावरून नजर उचलली आणि सावकाश मागे वळवली. सगळे खाली कॉफी घेत असताना वरच्या टप्प्यावर एकच माणूस होता. बागेचा राखणदार लूनिस. त्याच्या हातात झाडू होता.

"तूच," चाचा म्हणाले. "तूच म्हणायचास ना, माझ्या हातात असतं तर सगळे पिंजरे उघडले असते?"

"म्हणायचो. पण उघडला नाही, चाचा."

"मग काय जिन्न घेऊन गेला?"

"बागेत जिन्नही राहतात म्हणे," निवृत्त औषधवाले हाजी तौफीक हसत म्हणाले. हाजींचा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्यांचं हसू त्या दिवशी ओठावरच वाळलं, हे विदादच्या नजरेतून सुटलं नाही. तिची पोलिसातली नोकरी बाळंतपणाच्या रजेवर होती, नजर नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे झाडाला पिंजरा नव्हता. चाचा घरी अंथरुणाला खिळले होते.

आणि तरीही याकूत गायला.

२

कुठून, ते कुणाला कळेना. आवाज झाडातून यावा असा यायचा, वर बघितलं की पानं स्तब्ध. पारंब्यांमधून घुमून, जरासा लांबचा, विहिरीतल्यासारखा. तेच वळण, तीच तान. मंडळी टोप्या हातात घेऊन उभी राहिली. गाणं शेवटापर्यंत आलं, आणि थेंब पडायच्या आधीच तुटलं.

"गळा दाबलाय त्याचा," बूआलेम कुजबुजला. त्याच्या अंगावर काटा उभा होता. "मेल्यावर तेवढंच येतंय त्याला. शेवटचं येत नाही."

झालं. ही बातमी बाब अल-वेदच्या गल्ल्यांत वणव्यासारखी पसरली. झाडाच्या खालच्या टप्प्यावर लल्ला सफियाची कबर होती, घुमटाखालची, पोराबाळांच्या आया जिथे नवस बोलतात ती. तिथे आता याकूतच्या नावानंही मेणबत्त्या लागू लागल्या. संध्याकाळी बागेत थांबायला लोक कचरू लागले.

विदाद मात्र रोज यायची, कारण तिचा यानिस त्या बागेखेरीज कुठे झोपतच नसे. घरी रडून आकांत, आणि इथे संत्र्याच्या मोहोराचा वास आला की डोळे मिटलेच. त्या सकाळी ती त्याला खांद्यावर थोपटत असताना लूनिसची बायको तसदित समोर येऊन उभी राहिली. तिचे दिवस भरत आले होते. कमरेवर हात ठेवल्याशिवाय तिला उभं राहवत नव्हतं.

"ताई, तू पोलिसातली ना?"

"रजेवरची गं. सध्या या साहेबांची हवालदार."

तसदित हसली नाही. "बागेच्या मुकादमानं सांगितलंय, जुम्म्यापर्यंत फाटकाजवळची खोली रिकामी करा. तोही पडला मकनीनवेडा, चाचांचा शब्द त्याला कुराणासारखा. मी कुठे जाऊ? लांबच्या डोंगरांत, सासरी? तिथे सुईण यायला अर्धा दिवस लागतो."

"चौकीत का नाही गेलीस?"

"काय सांगू तिथे? मकनीन पाळणंच मुळात कायद्यात बसत नाही. चाचाही गेले नाहीत, तर मी कशी जाऊ?" तिनं खालचा ओठ दाबला. "ताई, माझा नवरा फटकळ आहे. पण पिंजरा उघडला असता ना, तर छाती पुढे काढून सांगितलं असतं त्यानं. लपवणं त्याला येतच नाही. हाच तर त्याचा दोष आहे."

खालून झाडूचा आवाज येत होता. खर्र, खर्र. नेहमीपेक्षा जोरात. ज्या बागेतून हाकललं जातोय, तीच बाग लूनिस रागारागानं चकचकीत करत होता.

विदादनं यानिसला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "जुम्म्याला अजून अवकाश आहे," ती म्हणाली. म्हणताना तिचं तिलाच फारसं पटलं नाही.

३

शरीफचाचांचं घर बागेच्या पायथ्याशी, जिन्याच्या वळणावर. दार त्यांच्या बायकोनं, झोहराखालानं उघडलं. विदादची आई लांब ओरानला, त्यामुळे बाळंतपणातलं निम्मं शहाणपण विदादला या खालानंच शिकवलेलं. यानिसला दुपट्यात गुंडाळून टोक आतून वळवून खोचायची ती खास गाठसुद्धा. "पोरानं किती लाथा झाडल्या तरी सुटायची नाही," खाला म्हणायची. "आणि सोडणाऱ्याला माहीत नसेल, तर तोही झाडत बसेल."

आज खालानं बाळाला घेतलं, पण नेहमीसारखे त्याचे पापे घेतले नाहीत. नुसतं छातीशी धरून उभी राहिली.

चाचा भिंतीकडे तोंड करून पडले होते. छातीचं दुखणं जुनंच, पण आता माणूसच आत आत चालला होता.

"चाचा, एकच सांगा. कापड कुणी सोडलं त्या दिवशी?"

"मी. दुसरं कोण सोडणार?"

"सैल होतं?"

"सैल?" चाचांना या दुःखातही चीड आली. "तुझी ही खाला पिंजरा झाकते का पोरगं गुंडाळते, अल्ला जाणे. रोज बोटं दुखतात माझी. त्या दिवशीही दुखली."

खालानं बाळ विदादच्या हातात दिलं आणि ती स्वयंपाकघराकडे वळली.

पिंजरा खिडकीत तसाच ठेवलेला होता. चाचांनी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. विदाद जवळ जाऊन बघत राहिली. वाटीत दाणे काठोकाठ. तळाशी अंथरलेला कागद कोरा, इस्त्री केल्यासारखा. ती बघत असतानाच यानिसनं आपला सकाळचा कार्यक्रम आवाजासकट उरकला, आणि विदादला एकाएकी हसू आलं. मग ती पुन्हा त्या कोऱ्या कागदाकडे वळली.

जे जिवंत असतं, ते सकाळी उठल्यावर पहिलं काम हेच करतं. हे तिला आता कुणी शिकवायला नको होतं. याकूत या पिंजऱ्यात बसून जिने चढला असता, झाडाला लटकून तासभर गायला असता, तर हा कागद कोरा राहिला नसता.

"खाला, याचं दुपटं बदलते गं वर गच्चीवर," ती म्हणाली.

गच्चीवर जाईची कुंडी होती. कुंडीतली माती नुकती उकरून दाबलेली. आणि कुंडीखाली पाणी झेलायला, चक्क, खालाच्या मार्सेयला असलेल्या लेकीनं पाठवलेला तो काळा गुळगुळीत तवा. मागच्याच महिन्यात खालानं तो सगळ्या गल्लीला दाखवला होता. "तेल लागत नाही, काही चिकटत नाही, राणीसारखी भाकरी सुटते!" आता त्या राणीच्या तव्यात गढूळ पाणी साचलं होतं.

विदाद बराच वेळ तिथे उकिडवी बसून राहिली. गाठ बागेत सुटली नव्हती. मग दार बागेत उघडलं नव्हतं. याकूत त्या सकाळी बागेत आलाच नव्हता.

तेवढ्यात डोंगरावरून, चढत्या उन्हात, स्पष्ट ऐकू आलं. ती तान, ते वळण, आणि ते मधेच तुटणं.

खाली स्वयंपाकघरात पेला फुटल्याचा आवाज झाला.

याकूत आलाच नव्हता, तर गात कोण होतं?

४

"मला विचारशील तर सरळ आहे," बूआलेमनं दुसऱ्या सकाळी सांगितलं. तो टपरीवर गरम महजूबाचा, मसाला भरलेल्या घडीच्या पोळीचा, घास घेत होता, तिखटानं डोळे पाणावले होते. "जीव अडकलाय त्याचा. आणि मी घेतला म्हणशील, तर मी नेऊन विकू कुठे? याकूतचं गाणं इथलं शेंबडं पोरही ओळखतं. ते गाणं ज्याच्या घरातून ऐकू येईल, त्याला लोक चोर म्हणून फाडून खातील."

हे म्हणणं विदादनं मनाशी जपून ठेवलं.

"त्या सकाळी चढताना ऐकलंत, त्यात शेवटचे थेंब होते?"

बूआलेमचा घास हातात राहिला. "कापड काढायच्या आधी थेंब यायचे नाहीतच कधी... पण थांब. तानसुद्धा जरा कच्ची होती त्या दिवशी. आम्ही म्हणालोही, थंडी बाधली वाटतं. तशीच, आता येते तशीच." त्यानं घास खाली ठेवला. "म्हणजे मरायच्या आधीपासूनच भूत होता का तो?"

"तुम्ही लोक फार छान ऐकता, बूआलेम. बघत तेवढं नाही."

ती लल्ला सफियाच्या घुमटाखाली जाऊन बसली. बायकांचा कोपरा, पडद्याआड, यानिसला पाजायला सोयीचा. आत मेणाचा आणि ओल्या दगडाचा वास. मेणबत्त्यांच्या ज्योती वारा नसताना हलत होत्या, सगळ्या एकाच दिशेला झुकत होत्या. विदादला मानेवरून कुणी बोट फिरवल्यासारखं झालं. कबरीवरच्या हिरव्या कापडाची कडाही हलत होती, श्वास घ्यावा तशी.

आणि गाणं सुरू झालं.

इथे ते इतकं जवळ होतं, की तिचं दूध थांबलं. कोपऱ्यातल्या दोघी बायका घुमटाकडे तोंडं वर करून पुटपुटू लागल्या. विदादनंही वर बघितलं. सगळेच वर बघायचे. पक्षी वरच असतो.

यानिसनं तोंडातलं सोडलं आणि मान वळवली. खाली. जमिनीकडे, कबरीमागच्या भिंतीच्या बुडाशी. त्याला भुतांबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. जिथून आवाज आला, तिथे त्यानं बघितलं.

भिंतीच्या बुडाशी बुटकं लाकडी दार होतं. जुन्या टाक्याचं, तुर्कांच्या काळी बागेला पाणी देणाऱ्या, आता कोरड्या पडलेल्या. दाराच्या फटीतून वारा येत होता, तोच ज्योती झुकवत होता. दारावर कुलूप होतं, नवं. आणि उंबऱ्यावर दाण्यांची टरफलं.

मागे पाऊल वाजलं. पडद्यापलीकडे कुणीतरी घसा खाकरला. बायकांना चाहूल द्यावी तसा.

"ताई, मी आत येऊ का? मेणबत्ती लावायची होती."

आवाज हाजी तौफीकांचा होता. मेणबत्त्यांना आयुष्यभर हसलेल्या हाजींचा.

५

बायका गेल्यावर विदादनं पडदा बाजूला केला. "किल्ली खिशातच असेल ना, हाजी?"

हाजी एका क्षणात म्हातारे झाले. त्यांनी कुलूप काढलं. टाक्याच्या अंधारात, जिथे वरून एका झरोक्यातून उजेडाची सळई उतरत होती, तिथे एक झाकलेला पिंजरा टांगला होता.

"झरोका वर कुठे निघतो?"

"झाडाच्या मुळांत. याकूत लटकायचा, त्याच्या बरोब्बर खाली." हाजींनी कापड उचललं. आतला मकनीन कोवळा होता. तोंडावरचं कुंकू अजून पुरतं चढलेलं नव्हतं. "हा याकूत नाही, पोरी. कुराणावर हात ठेवतो. मी पक्षी चोरला नाही. मी गाणं चोरलं."

तरुण मकनीन गुरूच्या शेजारी झाकून ठेवला की ऐकून ऐकून शिकतो. पण गुरूचा मालक परवानगी देईल तरच. चाचांनी ती जन्मात कुणाला दिली नव्हती.

"शरीफला तीनदा विचारलं. म्हणाला, हे गाणं माझ्याबरोबर जाईल. म्हटलं, जाईल कसं? म्हणून हिवाळ्यापासून याला इथे ठेवलं. खाली कान लावून हा नुसता ऐकायचा. गुरू गातोय तोवर शिष्य तोंड उघडत नाही. त्या सकाळी पहिल्यांदाच गायला. मी जिन्यावर होतो, आवाज लगेच ओळखला. म्हटलं, याकूत गप्प का? आणि मग कापड निघालं."

"आणि तुम्ही लूनिसला चोर ठरू दिलंत."

"बोललो असतो तर मीच चोर ठरलो असतो. घरी नेला तर गाणं ऐकून गल्ली दारात येईल. सोडून दिला तर पिंजऱ्यातलं पोर, मरेल." हाजींचे डोळे भरले. "याकूत कुठे गेला, ते मला खरंच माहीत नाही."

"मला माहीत आहे," विदाद म्हणाली. तिला ते माहीत नसतं तर बरं झालं असतं.

झोहराखाला गच्चीवर जाईजवळ बसली होती, जणू हिची वाटच बघत. विदादनं यानिसला तिच्या मांडीत ठेवलं आणि शेजारी बसली.

"खाला, ती गाठ बागेत कुणी सोडली नव्हती. सोडून पुन्हा बांधायला ती यायला हवी. ती या डोंगरावर दोघींनाच येते. तुला आणि मला."

खालानं बाळाच्या डोक्यावर ओठ टेकले.

"भाकरी टाकायची म्हणून तवा चुलीवर ठेवला, आणि पीठ मळायला बसले. मळता मळता पोरीची आठवण आली, तिथेच बसले. धूरही दिसला नाही गं. नुसता कसलासा वास. पिंजरा स्वयंपाकघराच्या खिडकीतच होता. बघते तर तळाशी पडलेला. चोच उघडी. असा तवा रिकामा फार तापला की त्याचा लेप विषारी वाफ सोडतो, पाखराला पुरे इतकी, हे मागाहून कळलं." तिनं डोळे पुसले नाहीत. "हे नमाजाला बसले होते. कागद बदलला. दाणे भरले. म्हटलं, नमाज संपवून सलाम फिरवला की सांगते. फिरवला, आणि हसून म्हणाले, दे गं माझा शहजादा. मी पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं, कापड बांधलं आणि हातात दिलं. म्हटलं, वर गेल्यावर समजतील, उडाला. उडालेला जिवंत तरी असतो. कुठेतरी गात तरी असतो. हाताला सवय, गाठ नेहमीचीच बसली."

"आणि दुसऱ्या दिवशी खरंच गायला."

"मी पुरलाय त्याला, विदाद. या हातांनी. आणि तो रोज गातोय. मला बोलावतोय वाटतं, वेडी होईन मी." तिनं विदादचं मनगट धरलं. "यांना सांगू नकोस. याकूत मेला, आणि माझ्या हातून मेला, हे ऐकलं तर हे उठायचे नाहीत. उडाला म्हण. तुला या लेकराची शपथ."

बागेतून झाडूचा आवाज आला. खर्र, खर्र. मग फाटकाशी खाट ओढल्याचा. उद्या जुम्मा.

शपथेला नाही म्हणणं विदादला जमेना, आणि हो म्हणणं तर त्याहून नाही. खालानंही तो आवाज ऐकला होता.

"तसदितला दिवस गेलेत ना?" तिनं अखेर विचारलं.

"भरत आलेत, खाला. गाठ शिकवायला हवी तिला कुणीतरी."

६

जुम्म्याच्या पहाटे शरीफचाचा जिने चढले. एका बाजूनं खालाचा हात, दुसऱ्या बाजूला बूआलेम. वर झाडाखाली मंडळी जमली होती. लूनिस पाठ फिरवून टप्पा झाडत होता. आज शेवटचाच दिवस, तरी झाडत होता. तसदित गाठोड्यावर बसली होती.

खाला सगळ्यांसमोर बोलली. थोडक्यात, खाली बघत. तवा, कागद, गाठ, जाईची कुंडी. विदाद चाचांच्या छातीकडे बघत होती, तान्ह्याचा श्वास बघतात तशी.

चाचांनी झाडाच्या रिकाम्या फांदीकडे बघितलं.

"मला वाटेतच कळलं होतं," ते म्हणाले.

खालानं मान वर केली.

"रोज चढताना तो दांडीवर सरकतो. टक, टक. त्या दिवशी टक झालं नाही. सगळे जिने मी छातीत धसका घेऊन चढलो, झोहरा. कापड उचलून बघायची हिंमत झाली नाही. टांगला आणि पळालो कॉफीला. आणि खाली असताना गाणं ऐकू आलं! म्हटलं, अल्ला, मी उगाच घाबरलो. वर धावत आलो, तर..." त्यांनी हात पसरले. "हातात दिलेलं परत काढून घेतल्यासारखं झालं गं. कुणावर तरी भुंकायला हवं होतं मला."

मग ते लूनिसकडे वळले. "पोरा, मी चुकलो. मुकादमाला मी सांगतो. खाट परत आत ने."

लूनिसनं मागे बघितलं नाही. झाडू चालूच होता. "चोर म्हणालात ते सगळ्या डोंगरानं ऐकलं, चाचा. आता बारा डोकी आहेत."

"मग जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर म्हणेन. सगळ्या डोंगरासमोर."

खर्र, खर्र.

तेव्हा हाजी तौफीक झाडामागून पुढे आले. त्यांनी झाकलेला पिंजरा याकूतच्या फांदीला टांगला आणि गुन्हेगारासारखे बाजूला उभे राहिले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. कापडाखालून गाणं आलं. तेच वळण, तीच तान. या वेळी वरून, उजेडातून. मंडळींपैकी कुणी श्वास घेतला नाही. आणि गाणं पुन्हा तिथेच तुटलं.

"चोरलेलं असं अर्धंच असतं, तौफीक," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज मात्र रागावलेला नव्हता. "थेंब खाली पोचले नाहीत याला."

त्यांनी गाठ सोडली. हाजींची साधी गाठ, एका ओढीत सुटली. कापड उतरलं. कोवळ्या मकनीननं म्हाताऱ्याचं तोंड बघितलं. चाचा वाकले, ओठ जुळवले, आणि त्यांनी स्वतः ते तीन थेंब सोडले. इतके हलके, की जवळ उभ्या असलेल्यांनाही ते ऐकू आल्यासारखे वाटले फक्त.

पक्षी गायला नाही. त्यानं मान तिरकी केली आणि ऐकत राहिला.

चाचांनी पुन्हा शीळ घातली.

लूनिसचा झाडू थांबला.